ऊब, धूर आणि अनुदान : वारणा खोऱ्यातून दिसणारा इतिहास

मागे दाराशी जे विद्यार्थी उभे आहेत त्यांनी पुढे येऊन बसावं, पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. विषय घरचाच आहे, उभं राहून ऐकण्याइतका अवघड नाही.

सुरुवात मात्र आपण लांबून करू. १९७८ साली ब्रिटनच्या संसदेने एक कायदा केला. तिकडची घरं थंडीत आतून तापवावी लागतात, आणि ती ऊब छपरातून निघून जाते. म्हणून सरकार म्हणालं, माळ्यावर जाड लोकरीसारखा थर अंथरा, खर्चाचा दोन तृतीयांश भाग, कमाल ५० पौंडांपर्यंत, आम्ही देतो. हे पैसे स्थानिक नगरपरिषदांमार्फत वाटले गेले. त्याच्या दोन वर्षं आधी, १९७६ मध्ये, अमेरिकेनेही कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची घरं अशी बंदिस्त करून देण्याचा कार्यक्रम कायद्याने सुरू केला होता. तो आजही चालू आहे.

आता तुम्ही म्हणाल, वारणानगरात बसून ब्रिटनच्या माळ्याचं काय करायचं? सांगतो. हे दोन्ही कायदे एकाच धक्क्यातून जन्मले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली, आणि काही महिन्यांत तेलाचा भाव सुमारे तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेला. त्यावर जगभरच्या सरकारांना एक गोष्ट उमगली. इंधन वाचवायचं तर कारखान्याच्या आधी लोकांच्या घरात शिरावं लागतं, आणि शिरायचं तर हातात काहीतरी घेऊन शिरावं लागतं. ते 'काहीतरी' म्हणजे अनुदान.

तोच धक्का आपल्याकडेही बसला. तिकडे सरकार माळ्यावर चढलं, आपल्याकडे ते परड्यात उतरलं. तिथं जे बांधलं गेलं त्याला आपण गोबर गॅस म्हणतो.

त्याकडे वळण्याआधी आपलं जुनं घर आठवू. पन्हाळा, शाहूवाडी, शिराळा या पट्ट्यातलं घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, पुढे सोपा, मध्ये माजघर, बाजूला किंवा पुढेच गोठा, मागे परडं. वर कौलं. आधी कुंभाराची देशी कौलं, नंतर मंगलोरी. ही मंगलोरी कौलं बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ च्या सुमारास बनू लागली आणि किनाऱ्यावरून घाट चढून आपल्याकडे आली. कौलाखाली माळा. माळ्यावर वैरण, शेणी, पावसाळ्याचं जळण. तो माळा भरलेला असला की खाली उन्हाळ्यात गारवा आणि पावसाळ्यात ऊब. कुणी त्याला उष्णतारोधन म्हटलं नाही, पण होतं तेच.

आणि चूल. चुलीचा धूर माळ्यातून, कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. जाताजाता वासे आणि रिपा काळ्या करायचा, त्यामुळे लाकडाला कीड कमी लागायची. घर असं धुराला वाट देऊन चालत होतं. पण ती वाट पुरेशी नव्हती. फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जो धूर गेला, त्याचा हिशेब कुणीच ठेवला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

आता गोबर गॅस. ही काही १९७३ नंतरची कल्पना नव्हे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच मैल्यापासून गॅस मिळवला गेला होता. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणावर प्रयोग झाले. १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टोपाचा आराखडा केला, त्याला 'ग्रामलक्ष्मी' असं नाव दिलं. पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकात तोच सुधारून गावोगावी न्यायला सुरुवात केली, थोडी मदत देऊन. पण वेग बेताचा होता. लाकूड फुकट होतं, शेण फुकट होतं, शेणी थापणाऱ्या बाईचे कष्टही फुकट धरलेले होते. जिथं सगळंच फुकट, तिथं नव्या वस्तूवर कोण खर्च करणार?

तेल महाग झालं, रॉकेल महाग झालं, खत महाग झालं, तेव्हा शेणाची किंमत कळली. १९७९ ला तेलाचा दुसरा झटका बसला आणि १९८१-८२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू केला. १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेसाठी वेगळा विभाग निघाला. इथून खरं अनुदानाचं युग सुरू झालं. आपल्याकडे अर्ज पंचायत समितीत, काम जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडे. अल्पभूधारकाला, मागासवर्गीयाला, डोंगरी भागातल्याला जास्त रक्कम. उरलेला पैसा बँकेचा किंवा स्वतःचा. संडास जोडला तर वर आणखी थोडी रक्कम.

या संडास जोडण्यावर थोडं थांबलं पाहिजे. आपल्या लोकांना माणसाच्या मैल्याच्या गॅसवर भाकरी भाजणं पटेना. इथं देहूच्या डॉक्टर सुहास मापुसकरांचं नाव घ्यायलाच हवं. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून ते देहूत गेले आणि तिथेच राहिले. रोग औषधाने हटत नाहीत, उघड्यावरची घाण हटली तर हटतात, हे त्यांनी ओळखलं आणि संडासाला जोडलेल्या बायोगॅसचा 'मलप्रभा' नावाचा आराखडा केला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आज कोल्हापूर-सांगलीकडे अनेक परड्यांत संडासाचा पाइप टाकीला जोडलेला दिसतो. हा बदल कागदावरच्या जादा रकमेने सुरू झाला असेल, पण शेजारणीच्या घरचा चहा पिऊन झाल्यावर रुजला.

आता टाकीची गंमत बघा. लोखंडी टोपाचं संयंत्र गंजायचं, महाग पडायचं, आणि थंडीत टोपातून ऊब निघून जाऊन गॅस कमी यायचा. शेण कुजवणारे जंतू उबेचे भुकेले. पस्तीस अंशांच्या आसपास ते जोमात असतात, वीसच्या खाली सुस्तावतात. १९७८ मध्ये चिनी पद्धतीवरून जनता आराखडा आला, विटांच्या घुमटाचा. १९८४ मध्ये दिल्लीच्या ॲफप्रो संस्थेने त्याहून स्वस्त 'दीनबंधू' काढला. दोन्ही जमिनीत पुरलेले. माती हीच त्यांची गोधडी. काही शेतकरी थंडीत घुमटावर उसाचं पाचट आणि शेणखताचा ढीग टाकतात, तेही त्यासाठीच. म्हणजे ज्या काळात विलायतेत घर उबदार ठेवायला अनुदान मिळत होतं, त्याच काळात आपल्याकडे टाकी उबदार ठेवायला मिळत होतं.

महाराष्ट्र घरगुती बायोगॅसच्या संख्येत देशात आघाडीवर राहिला. आपल्या खोऱ्यात हे का चाललं असेल? आमच्या मते उत्तर सहकारात आहे. तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात इथल्या माळावर साखर कारखाना उभा केला, १९६८ मध्ये वारणा दूध संघ आला. त्याआधी १९६३ मध्ये जिल्ह्यात गोकुळ निघाला होता. उसाने वर्षाकाठी हातात रक्कम आणली, सोसायटीने आणि जिल्हा बँकेने पत आणली, आणि दुधाने म्हैस दावणीला बांधली. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. चरायला जाणाऱ्या जनावराचं शेण रानात पडतं. दावणीच्या म्हशीचं शेण घराजवळ पडतं. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो ताजं शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. अनुदान मुंबई-दिल्लीहून आलं, पण ते पचवायला लागणारी म्हैस दूध संघाने दिली. म्हणून एकच योजना एका जिल्ह्यात रुजते आणि दुसऱ्यात फक्त फलकावर राहते.

आता दुसरी बाजू. वरच्या हिशेबातच तिचं उत्तर आहे. चार-पाच जनावरं कुणाकडे? ज्याच्याकडे वैरणीपुरती जमीन, त्याच्याकडे. सातबारा कुणाच्या नावावर? बहुधा पुरुषाच्या. शेण कालवतं कोण, कुंडीत ओततं कोण, स्लरी काढतं कोण? बहुधा बाई. भूमिहीन मजुराच्या घरात सगळ्यांत जास्त धूर होता, आणि हे अनुदान त्याच्या दारापर्यंत पोचूच शकत नव्हतं. कारण कुणाचा दुष्टावा नव्हे. योजनेची पहिली अटच जनावर होती.

दुसरा दोष मोजण्याचा. सरकारने किती संयंत्रं बांधली ते मोजलं. किती पेटतात ते मोजणं अवघड, म्हणून ते मागे पडलं. म्हशी विकल्या, घर वाटण्यांत विभागलं, घुमटाला तडा गेला, गवंडी दुसऱ्या गावचा, तो परत आला नाही. अनुदान बांधताना एकदाच मिळतं, दुरुस्ती मात्र जन्मभराची. दुरुस्तीला पुढे काही मदत ठेवली गेली, पण उद्दिष्ट नेहमी नव्या बांधकामाचंच राहिलं.

गरिबासाठी तोडगा म्हणून १९८३ च्या अखेरीस सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. निर्धूर चूल म्हणून आपण ती ओळखतो. देशभरात तीन कोटींवर चुली वाटल्या गेल्या, आणि २००२ मध्ये केंद्राने हात काढून घेतला. बऱ्याच चुली केव्हाच मोडल्या होत्या. धुरांड्याचा पाइप कौलातून वर काढायचा तर कौल फोडावं लागतं, आणि फोडलेल्या कौलातून पाऊस आत येतो. आपल्याकडच्या पावसात ही लहान गोष्ट नाही. बाईने पाइप काढला आणि भोक बुजवलं, तर तिला अडाणी कसं म्हणायचं? मग मे २०१६ मध्ये उज्ज्वला आली, बाईच्याच नावाने जोडणी, १६०० रुपयांची मदत. नाव बदललं ही मोठी गोष्ट झाली. पण सिलिंडर भरण्याचा खर्च दर वेळी नवा, म्हणून पुष्कळ घरांत शेगडीशेजारी चूल अजून आहे.

शेवटचा टप्पा छपराचा. १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली, २०१६ मध्ये तिची पंतप्रधान आवास योजना झाली. ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार, शिवाय रोजगार हमीची मजुरी आणि संडासाचे १२ हजार. किमान २५ चौरस मीटर. या रकमेत भिंत उभी राहते, आणि वर बहुतेक वेळा पत्रा किंवा पातळ स्लॅब येतो. माळा येत नाही. कौल गेलं, वैरणीचा थर गेला, धुराची वाटही गेली. एप्रिलच्या दुपारी अशा घरात बसून पाहा, म्हणजे ब्रिटनचा तो कायदा इतका परका वाटणार नाही. त्यांना ऊब आत ठेवायची होती, आपल्याला ती बाहेर ठेवायची आहे. थर एकच.

जुनंच बरं होतं असं आम्ही म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं, ते विसरून चालणार नाही. त्या भागातल्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असायचा. उन्हाळ्यात गार, पण भूकंपात तोच थर झोपलेल्या माणसांवर आला. नंतर घरं मजबूत करायला सरकारने मदत दिली, तेव्हा छपरावरची माती कमी करा हा एक मुख्य सल्ला होता. तो बरोबरच होता.

आणि घाईत वाटलेलं अनुदानही जीव घेतं. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये मंदीवर उपाय म्हणून माळ्याच्या थरासाठी घरोघर पैसे दिले. रातोरात कंत्राटदार उगवले, शिकवलेले कामगार नव्हते. चार तरुण कामगार मेले, त्यांतले तिघे विजेच्या धक्क्याने. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद करावी लागली, २०१४ मध्ये चौकशी आयोगाने अहवाल दिला. आपल्या गवंड्याचं प्रशिक्षण ही योजनेतली किरकोळ ओळ नसते, हे त्यावरून शिकायचं.

आपल्या देशात २०१८ मध्ये इको-निवास संहिता आली. छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिने घातली. पण ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींसाठी. म्हणजे नियम मोठ्या संकुलाला, आणि पत्रा घरकुलाला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरण केलं, पांढऱ्या रंगासारखे स्वस्त उपाय त्यात धरले. अशा उपायाला फार पैसा लागत नाही, घरकुलाच्या हप्त्यात ती एक ओळ लागते.

मंडळी, आता शेवट करतो. हंगामात आपल्या शिवारात ऊसतोडणीची माणसं येतात. त्यांच्या कोप्या तुम्ही पाहिल्यात. वर प्लॅस्टिकचा कागद, कडेला उसाचा पाला, आत तीन दगडांची चूल. आज आपण ज्या ज्या अनुदानाचं नाव घेतलं, ते बहुतेक वेळा घर असलेल्याला, जमीन असलेल्याला, रेशनकार्ड जवळ असलेल्याला मिळतं. त्यांचं घर इथं सहा महिने असतं, कागद गावाकडे. ज्या साखरेने आपल्या परड्यात टाकी बांधली, ती साखर तोडणाऱ्याच्या चुलीचा धूर अजून तिथंच आहे.

पन्नास वर्षांचा हा इतिहास आम्हाला एवढंच सांगतो, की अनुदान कुणाला मिळालं हे यादीत दिसतं, आणि कुणाला मिळालं नाही हे बघायला संध्याकाळी फडाकडे चालत जावं लागतं. दूध संघ, कारखाना, सोसायटी, हे सगळं आपल्या हातात आहे. पुढची योजना मुंबईहून येईपर्यंत थांबायचं की नाही, हे इथे बसलेल्यांनी ठरवायचं आहे.