मोकळें चाक आणि जखडलेलें चाक

यवतमाळ जिल्ह्याच्या ईशान्येस वर्धा नदी आणि दक्षिणेस पैनगंगा. मधला मुलूख टेकड्यांचा, काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापुराहून यवतमाळास अरुंद रुळांची आगगाडी आली. पण बहुतेक खेड्यांना तिचा उपयोग नव्हता. तेथें बैलगाडी, आपले पाय आणि पुढें पायगाडी, हींच साधनें. म्हणूनच आजही जुन्या घराच्या ओसरीवर अथवा गोठ्याच्या भिंतीशीं उभी असलेली एखादी काळी, वजनदार इंग्रजी सायकल दृष्टीस पडते. ती भंगारांत द्यावी, कीं पुनः रस्त्यावर आणावी? अलीकडे कांहीं तरुण दुसरा मार्ग पत्करतात, आणि तो पत्करतांना तिचें मोकळें चाक काढून ‘फिक्स्ड गिअर’ बसवितात. म्हणजे मागचें दांतेचक्र चाकाला जखडून टाकतात; चाक फिरेल तोंवर पाय फिरलेच पाहिजेत.

हा प्रकार नवा वाटतो. वस्तुतः तो मूळचाच आहे. जुन्या उंच चाकाच्या गाडीचीं पायडलें पुढच्या चाकालाच जोडलेलीं असत. १८८५ सालीं जॉन केंप स्टार्ली यानें इंग्लंडांत ‘रोव्हर’ गाडी पुढें आणली. तिची साखळी मागचें चाक फिरवी, पण पाय मात्र बांधलेलेच राहिले. १८८८ सालीं डनलॉपनें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें, आणि त्याच वर्षीं बेळगांवांत किर्लोस्कर बंधूंचें सायकलींचें दुकान निघालें. पुढें लोखंडी नांगरानें महाराष्ट्रभर गाजलेल्या घराण्याच्या उद्योगाची ही सुरुवात होय. त्या काळच्या गाडीवर बसणाऱ्यास उतारावर विसांवा नव्हता. पुष्कळ गाड्यांच्या पुढच्या चिमट्यावर दोन लहान आधार बसविलेले असत; उतार लागला कीं स्वार पाय उचलून त्यांवर ठेवी आणि पायडलें खालीं आपोआप गरगरत. एकोणिसावें शतक संपतां संपतां फ्रीव्हील रूढ झालें आणि हे हाल संपले. शर्यतीच्या धांवपट्टीवर मात्र जखडलेलें चाक कायम राहिलें.

आतां जुन्या गाडीवर हें चाक चढवावयाचें, तर तिच्या मूळ क्रँक काढाव्या कीं ठेवाव्या? शहाणपण ठेवण्यांत आहे. जुन्या इंग्रजी गाडीचें पुढचें दांतेचक्र बहुधा उजव्या क्रँकशीं एकजीव केलेलें असतें. रॅलेच्या चक्रांत बगळ्याचीं तोंडें कोरलेलीं असत, तर दुसऱ्या कारखानदारांचीं आपापलीं चिन्हें. क्रँक गेली कीं चक्रही गेलें, आणि गाडीची ओळखही गेली. शिवाय रॅलेचे आंतील आटे इतर गाड्यांहून निराळे असल्यानें नवा आंस सहजासहजी बसत नाहीं. मागें चाकाची बैठक उघड्या खांचेची असल्यामुळें साखळी ताणण्यास नवें साधन लागत नाहीं. चाक मागें ओढलें कीं काम भागतें.

मागच्या तुंब्यावर ज्या आट्यांत फ्रीव्हील बसतें, त्याच आट्यांत जखडलेलें दांतेचक्रही बसतें. मात्र पाय उलटा दाबला कीं तें सुटूं पाहतें. शर्यतीच्या तुंब्यावर उलट्या आट्यांची निराळी कडी असते. साध्या तुंब्यावर ती नसते. तेथें क्रँकच्या आंसाची कडी त्याच मापाची असल्यानें पुष्कळ जण ती चढवून घट्ट आवळतात. पण ही तडजोड आहे, निर्धास्तपणा नव्हे.

दुसरी मेख क्रँकच्या पाचरेची. क्रँक आंसाला लोखंडी पाचरेनें धरलेली असते. मोकळ्या चाकावर त्या पाचरेवर भार मुख्यतः एकाच दिशेनें येतो. जखडलेल्या चाकावर तो पुढें आणि मागें, दोन्हीकडून येतो. पाचर झिजलेली असेल तर क्रँक खटखटूं लागते. म्हणून नवी पाचर घालावी. ठोकतांना क्रँकला खालून नळीचा भक्कम आधार द्यावा, नाहीं तर प्रत्येक घाव आंसाच्या छर्ऱ्यांवर पडतो. आणि थोडे दिवस गाडी चालविल्यावर ती पुनः तपासावी.

एवढें झाल्यावर खरा प्रश्न उरतो तो उताराचा. पुढें ४६ दांते, मागें १८ आणि चाक २८ इंचांचें असेल, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत गाडी सुमारें ५.७ मीटर जाते. सपाटीवर हें प्रमाण सुखाचें आहे. पण टेकडीच्या उतारावर ताशीं ४५ किलोमीटरांचा वेग आला, कीं पायांना मिनिटाला सुमारें १३० फेरे घ्यावे लागतात. तेथें स्वार गाडी चालवीत नाहीं. गाडी स्वारास चालविते. पायांचा रोध केवळ मागच्या चाकावर पडतो, आणि उतारावर भार तर पुढच्या चाकावर सरकलेला असतो. यास्तव पुढच्या चाकाचा सळईचा ब्रेक हलकेपणाच्या अथवा शोभेच्या नादीं लागून काढून टाकणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.

ज्यांनीं मोकळें चाक शोधलें, त्यांनीं तें आळसापोटीं शोधलें नाहीं; उतारांवर दमलेल्या आणि पडलेल्या माणसांचा अनुभव त्यामागें होता. तो सोडून जुन्या रीतीकडे वळण्यांत दोष नाहीं. चाक, साखळी आणि पाय यांचें अतूट नातें त्या रीतींतच कळतें, आणि धूळ खात पडलेली गाडी पुनः गांवांतून फिरूं लागते. मात्र जो मागें वळेल त्यानें तो अनुभवही बरोबर घेऊन वळावें: पहिले काहीं दिवस सपाट रस्ता, पक्की पाचर, आणि हाताशीं पुढचा ब्रेक.