सातपुडा, कोयना व किल्लारी : बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने एक विचार

दख्खनचे पठार अचल आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. बुलढाणा जिल्ह्याची भूरचना तिला पोषकच वाटते : घाटावर मेहकर-चिखलीकडे काळ्या पाषाणाचे थर, घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खोल गाळाची जमीन आणि उत्तरेस जळगाव-जामोदच्या पाठीशी सातपुड्याची भिंत. परंतु ही भिंत निश्चल नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्याच्या पट्ट्यात सुमारे ६.३ मापाचा भूकंप झाला व मध्य भारताच्या विस्तीर्ण प्रदेशास त्याचा धक्का जाणवला. तथापि मोठा विध्वंस त्याच्या नावे नोंदलेला नाही.

याच्या उलट, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या किल्लारीच्या भूकंपाचे माप सुमारे ६.२ होते, त्यात सुमारे ८,००० माणसे मृत्यू पावली. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही पहाटेचाच व मापाने किंचित मोठा. तेथील मृतांची संख्या दोनशेच्या आत राहिली. मग विध्वंसाचे कारण केवळ मापात शोधून चालेल काय ?

पहिला भेद खोलीचा होय. सातपुड्याच्या भूकंपाचे केंद्र सुमारे ४० किलोमीटर खोल मानले जाते. किल्लारीचे अगदी उथळ होते, इतके की भूपृष्ठावर भेग उमटली. दुसरा भेद घराचा, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने येथेच थांबावयास हवे. माळवदाच्या घराच्या भिंती जाड असत. पण आतल्या व बाहेरच्या दर्शनी दगडांना जोडणारे आरपार दगड त्यांत क्वचितच, आणि सांधा चिखलाचा. वर लाकडी तुळयांवर मातीचा जड थर, पाणी गळू नये म्हणून वर्षानुवर्षे वाढत गेलेला. उन्हाळ्यात थंडावा व चोरांपासून संरक्षण देणारी हीच भिंत झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. अनेक ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, भिंती मात्र गेल्या. गवती झोपडीतील गरीब कित्येक ठिकाणी वाचला, ही नियतीची विचित्र उलटापालट होय.

पुनर्वसनाने प्रदेशाचा चेहराच पालटला. जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. घरे जमीनधारणेनुसार २५०, ४५० व ७५० चौरस फुटांची देण्यात आली. म्हणजे जुन्या गावातील विषमता नव्या आराखड्यात मोजून उतरली. सरळ, रुंद रस्त्यांच्या वसाहतीत गल्लीचा शेजार विरळ झाला.

बुलढाण्याच्या अभ्यासकास यातून काय घ्यावयाचे ? वऱ्हाडातील धाब्याचे घर हे माळवदाचेच सख्खे भावंड आहे. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीस आधी धक्के बसले होते. इशारा मिळाला, पण भिंती तशाच राहिल्या. सातपुड्याने आपला इशारा १९३८ मध्येच दिलेला आहे. म्हणून जिल्ह्यातील जुन्या घरांचे बांधकाम नोंदविणे हे केवळ वास्तुशास्त्राचे कार्य नव्हे; ते इतिहासाचेही कर्तव्य ठरते.