चाचा, सरखेल आणि गॅझेटियर

मराठी आरमाराच्या इतिहासाची चर्चा बहुधा पराक्रमापासून सुरू होते आणि लढायांच्या तपशिलात संपते. हा इतिहास ज्या लेखनप्रकारांतून वाचकापर्यंत पोहोचला, त्या प्रकारांची चिकित्सा मात्र क्वचितच होते. कान्होजी आंग्रे यांच्याविषयी वापरला गेलेला ‘चाचा’ हा शब्द या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

१७३७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या क्लेमंट डाउनिंगच्या ग्रंथाच्या शीर्षकातच आंग्र्यांचा उल्लेख चाचा असा आहे. डाउनिंग मुंबईकर इंग्रजांच्या आरमारी मोहिमांत प्रत्यक्ष सहभागी होता. त्याच्या ग्रंथाला निवेदक आहे. त्याचे नाव, त्याची बाजू आणि त्याचा राग वाचकाला ठाऊक आहे. त्यामुळे तेथे ‘चाचा’ हा प्रतिपक्षाने केलेला आरोप ठरतो, आणि आरोप खोडता येतो.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत ही स्थिती पालटते. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या या मालेत रत्नागिरीचा खंड १८८० मध्ये, तर कुलाबा व जंजिरा यांचा खंड १८८३ मध्ये निघाला. येथे निवेदक लुप्त होतो. पर्जन्यमान, पिके, जाती, सारा, बंदरे आणि इतिहास ही सारी प्रकरणे एकाच निर्विकार स्वरात येतात. आकड्यांच्या शेजारी येऊन बसलेल्या चाचेगिरीच्या उल्लेखालाही मग आकड्याची प्रतिष्ठा लाभते. जो आरोप होता, त्याचे वर्गीकरण बनते. ज्या राजवटीने १७५६ मध्ये विजयदुर्ग जिंकण्यात भाग घेतला आणि १८४० मध्ये कुलाब्याचे संस्थान खालसा केले, तिच्याच उत्तराधिकाऱ्यांनी हा ग्रंथ छापला, ही गोष्ट त्या स्वरामुळे नजरेआड होते. १९०७ मध्ये जॉन बिडल्फने आपल्या पुस्तकाच्या शीर्षकात ‘मलबारचे चाचे’ असे बिनदिक्कत म्हटले, तेव्हा या शब्दाला समर्थनाची गरज उरली नव्हती.

वस्तुतः प्रश्न परवान्याचा होता. पोर्तुगीज ‘कार्ताझ’ देत, मराठे ‘दस्तक’ देत. आणि परवाना नसलेले जहाज धरण्याचा हक्क दोघेही सांगत. कृती एकच, पण एका बाजूला ती सार्वभौमत्व ठरली आणि दुसऱ्या बाजूला लूट. इंग्रजांनी १७१३ मध्ये कान्होजींशी तह केला, ही घटनाही त्यांच्या शब्दप्रयोगाशी विसंगत आहे. तह सत्तेशी होतो.

राष्ट्रीय बाण्याच्या इतिहासलेखनाने या शब्दाला उत्तर दिले ते शब्द बदलून. मनोहर माळगावकरांच्या १९५९ मधील इंग्रजी चरित्राच्या शीर्षकात कान्होजी ‘अ‍ॅडमिरल’ झाले; त्याआधी १९५१ मध्ये नौदलाच्या मुंबईतील तळाला ‘आंग्रे’ हे नाव मिळाले होते. हा न्याय आवश्यकच होता. पण ‘अ‍ॅडमिरल’ ही संज्ञाही युरोपीय राजनौदलाची चौकट गृहीत धरते. ‘सरखेल’ या पदात आरमाराबरोबर किल्ले, बंदरे आणि मुलूख यांचीही जबाबदारी गुंतलेली होती. तिच्यासाठी या नव्या शब्दात जागा नाही.

ती जागा ‘आज्ञापत्रा’त सापडते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या या ग्रंथात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. तेथे कौल घेतलेल्या व्यापारी तरांड्यांना उपद्रव होऊ नये याची काळजी आहे, आणि जहाजांच्या लाकडासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे जबरीने तोडू नयेत असा निर्बंधही आहे. समुद्रावरील सत्तेचे मोजमाप येथे किनाऱ्यावरील रयतेच्या अंगणापर्यंत येते.

१९३० नंतर गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागद पंचेचाळीस भागांत निघाले, तेही सरकारी छापखान्यातूनच. १९७३ मध्ये भा. कृ. आपटे यांचा मराठी आरमारावरील इंग्रजी ग्रंथ राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केला. म्हणजे सरकारी प्रकाशन स्वभावतः सत्याचे वैरी नसते. त्याचा धोका वेगळा आहे: निवेदकाचा चेहरा झाकला की मत माहितीचे रूप घेते. ‘चाचा’ खोडून ‘अ‍ॅडमिरल’ लिहिल्याने तो धोका टळत नाही. त्यासाठी प्रत्येक निर्विकार वाक्यामागे कोण बोलत आहे, हे वाचकालाच शोधावे लागते.