शिशाच्या ओतीव गोळ्यांची कठिनता

शिशाच्या ओतीव गोळ्यांची कठिनता : वापरलेल्या काडतुसाचे पितळी कवच पुन्हा भरताना, साच्यात ओतून केलेल्या शिशाच्या गोळीची निवड ज्या गुणधर्मांवरून केली जाते त्यांपैकी एक प्रमुख गुणधर्म. अमेरिकेत अनेक नेमबाज अशी काडतुसे घरी भरतात. भारतात मात्र दारूगोळा तयार करण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो.

ही कठिनता ब्रिनेल अंकात सांगतात. स्वीडिश अभियंते योहान ब्रिनेल यांनी १९०० मध्ये मांडलेल्या या पद्धतीत धातूवर ठरावीक भाराने कठीण गोलक दाबतात व उमटलेल्या खळग्याच्या पृष्ठफळाने त्या भाराला भागून अंक काढतात. शुद्ध शिशाचा अंक सुमारे ५ असतो. कथिलामुळे तो थोडा वाढतो आणि रस साच्याच्या कडांपर्यंत नीट भरतो. कठिनता मुख्यत्वे अँटिमनीमुळे येते. ९०% शिसे, ५% कथील व ५% अँटिमनी या ‘लायमन क्र. २’ मिश्रधातूचा अंक सुमारे १५, तर छापखान्यातील लायनोटाइप यंत्राच्या धातूचा (८४% शिसे, १२% अँटिमनी, ४% कथील) सुमारे २२ भरतो. अँटिमनी व अत्यल्प आर्सेनिक असलेली गोळी साच्यातून थेट पाण्यात टाकल्यास अधिक कठीण होते. केवळ शिसे-कथिलाच्या गोळीवर असा परिणाम होत नाही.

बंदुकीच्या नळीतील सर्पिल खाचा गोळीला फिरकी देतात. दारूच्या वायूंच्या दाबाने मऊ गोळी बुडाशी फुगून या खाचा भरते व वायूची वाट बंद करते. एकोणिसाव्या शतकातील मिन्ये गोळी याच तत्त्वावर आधारलेली होती. गोळी दाबाच्या मानाने फार कठीण असेल, तर ती फुगत नाही आणि फटीतून निसटणारे तप्त वायू तिच्या कडा झिजवून नळीत शिशाचा थर बसवतात. ती फार मऊ असेल, तर खाचांची पकड सुटून ती घसरते व नेम बिघडतो. त्यामुळे जितकी कठीण तितकी चांगली, हा समज चुकीचा ठरतो.

ब्रिनेल अंकाला १,४२२ ने गुणून येणारा, पौंड प्रति चौरस इंचातील आकडा काडतुसाच्या कमाल दाबाशी ताडून पाहणे, हा एक प्रचलित ठोकताळा आहे. त्यानुसार १२ अंकाला सुमारे १७,००० हा दाब येतो आणि अमेरिकी मानकात ·३८ स्पेशल काडतुसाची कमाल मर्यादाही तेवढीच आहे. ·३५७ मॅग्नमची मर्यादा ३५,००० असल्याने त्याच्या जोरकस भरणीसाठी अधिक कठीण मिश्रधातू घेतात किंवा गोळीच्या बुडाला ‘गॅस चेक’ म्हणजे तांब्याची उथळ वाटी बसवतात. शिकारीसाठी मात्र अँटिमनीचे अतिरिक्त प्रमाण टाळतात, कारण अशी ठिसूळ गोळी आघाताने पसरण्याऐवजी फुटू शकते.

गोळीचा व्यास नळीच्या खाचांमधील व्यासाहून साधारणतः ०·००१ इंच अधिक ठेवतात. तो कमी पडल्यास योग्य कठिनतेची गोळीही नळीत शिसे सोडू शकते. म्हणून आधी नळी मोजून, मग भरणीचा दाब पाहून, शेवटी मिश्रधातू ठरविणे श्रेयस्कर ठरते.