चूल, स्टोव्ह आणि हवेची भट्टी



इतिहासाच्या व्याख्यानाला येताना आपण लढाया, तह आणि सनावळ्या यांची अपेक्षा ठेवून येता. शेजारच्या खर्ड्याला १७९५ साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. तिच्यावर बोलावयास माझ्यापेक्षा अधिकारी माणसे पुष्कळ आहेत. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता. नववीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि संपाच्या मंडपात झाले. तेव्हा ज्या कारखान्यात संघटना नाही, हजेरीपुस्तक नाही आणि साप्ताहिक सुट्टीही नाही, अशा एका कारखान्याचा इतिहास मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. तो कारखाना म्हणजे आपल्या घरातले स्वयंपाकघर.

या विषयाकडे मी वळलो तो एका फजितीमुळे. दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीत दुखू लागले. डॉक्टरांनी तपासले आणि तळलेले खाणे बंद करण्यास सांगितले. मी खाण्याचा शौकीन. मार्ग शोधू लागलो. तेलावाचून तळणारे एअर फ्रायर नावाचे यंत्र निघाले आहे असे कोणी सांगितले. मी ते नगरहून विकत आणले आणि मोठ्या ऐटीत ओट्यावर ठेवले. पत्नीने खोका उघडला, यंत्र निरखून पाहिले आणि विचारले, “यात भाकरी होते का?”

मी म्हणालो, “नाही.”

“मग हे कुणासाठी आणलंत? आणायच्या आधी मला एका शब्दानं तरी विचारलंत का?”

श्रोतेहो, मला उत्तर सुचले नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होते. ज्या यंत्रसुधारणेमुळे कामगार कमी होण्याचा संभव असेल, ती करण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची नोटीस दिली पाहिजे, अशी त्यात तरतूद होती. हे कलम तोंडपाठ असल्याचा मला अभिमान. मालकांच्या टेबलावर मूठ आपटून ते मी कितीदा तरी वाचून दाखविले असेल. आणि माझ्याच घरात, जिच्या हाताखाली यंत्र चालावयाचे तिला मी एका दिवसाचीही नोटीस दिली नव्हती! यंत्र माळ्यावर गेले. मी मात्र विचारात पडलो.

कारखान्यात नवे यंत्र आले की आम्ही तीन प्रश्न विचारतो. याने कष्ट कोणाचे वाचतात? वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो? आणि यातला धोका कोणाच्या अंगावर येतो? हेच तीन प्रश्न घेऊन आपण चुलीपाशी जाऊ.

आमच्या कर्जत तालुक्यात चुलीचा इतिहास म्हणजे सरपणाचा इतिहास आहे. पाऊस कमी, झाड विरळ. बाभळीच्या काटक्या, तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पळकाट्या, गोवऱ्या, जे मिळेल ते जाळावयाचे. १९७२ च्या दुष्काळात मी अंगावर पिणारे मूल होतो. आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडी, तिथे मिळालेली सुकडी पदरात बांधून आणी आणि संध्याकाळी फुंकणी घेऊन ओल्या सरपणाशी झगडे. खडी फोडण्याची मजुरी हजेरीपुस्तकात मांडली जाई. धूर गिळण्याची मजुरी कोणी मांडली नाही. तिचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. चुलीच्या धुराने फुप्फुसे आणि हृदय यांचे आजार होतात हे आज जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या घराला ते फार आधी ठाऊक झाले होते.

चुलीनंतर आला रॉकेलचा स्टोव्ह. पंपाने दाब देऊन पेटणारा स्टोव्ह स्वीडनमधील फ्रान्स लिंडक्विस्ट याने तयार केला. १८९२ साली स्टॉकहोमला प्रायमस कंपनी निघाली आणि ते नाव पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र पोहोचले. मुंबईच्या चाळींत या स्टोव्हने मोठी सोय केली. धूर गेला, सरपण गेले, दहा फुटांच्या खोलीत स्वयंपाक होऊ लागला. परंतु तिसरा प्रश्न विसरू नका. “स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू” ही ओळ आपण वर्तमानपत्रांत किती वर्षे वाचली? काही भडके खरोखर अपघाताचे होते. काहींच्या मागे हुंडा होता आणि दोष स्टोव्हवर ढकलला जात होता. स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ साली भारतीय दंडविधानात कलम ४९८-अ आले आणि १९८६ साली हुंडाबळीचे कलम ३०४-ब आले. एका घरगुती उपकरणाचा इतिहास असा फौजदारी कायद्यापर्यंत जातो.

मग गॅस आला. १९५५ च्या सुमारास मुंबईत बर्मा-शेल कंपनीचा बर्शेन गॅस मिळू लागला. १९६५ साली कलकत्त्यात इंडेनची पहिली जोडणी झाली. आमच्या घरी गॅस यायला १९९६ साल उजाडले. गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे जोडणी देणारी उज्ज्वला योजना २०१६ ची. म्हणजे मुंबईच्या ओट्यापासून खेड्यातल्या झोपडीपर्यंत यायला या निळ्या ज्योतीला ६० वर्षे लागली. सोय निघते एका साली आणि पोहोचते दुसऱ्या साली. या दोन सालांमधले अंतर कोणीतरी आपल्या अंगाने भरून काढीत असते.

आता तेलाकडे वळू. आमच्या लहानपणी तळण म्हणजे सण. पोळ्याला, दिवाळीला कढई चढे; एरवी फोडणीला चमचाभर तेल. वनस्पती तुपाचा डालडा १९३७ च्या सुमारास बाजारात आला, पुढे डबाबंद तेले आली, आणि तळण सणातून उठून रोजच्या न्याहारीत येऊन बसले. पण तेल हा राजकारणाचाही विषय झाला. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. हातात लाटणे आणि थाळी घेऊन हजारो गृहिणी तेल, साखर, धान्य यांच्या भावांसाठी रस्त्यावर आल्या. तीन वर्षांनी, १९७५ साली, प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खाणावळवाल्या बायांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बाया सावकाराच्या व्याजात अडकल्या होत्या. संघटनेच्या बळावर त्यांना बँकेची दारे उघडली. भाकरी थापणे हे काम आहे, आणि काम करणारी ती कामगार आहे, हे तेव्हा बँकेच्या कागदावर आले.

आता माझ्या माळ्यावरच्या यंत्राची कुळकथा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम मॅक्सन नावाच्या संशोधकाने विमानातील प्रवाशांना गरम जेवण देण्यासाठी पंख्याची भट्टी तयार केली. गोठविलेले जेवण तीत भराभर गरम होई, कारण पंखा तापलेली हवा अन्नावर खेळती ठेवी. हेच तत्त्व पुढे मोठ्या ओव्हनमध्ये आले. या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रेड व्हॅन डर वेज या डच माणसाने बटाट्याच्या फोडी कढईवाचून कुरकुरीत व्हाव्यात म्हणून लहान आकाराची भट्टी बनविण्याचा ध्यास घेतला. २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने ती ‘एअरफ्रायर’ या नावाने मांडली. पुढे अनेक कंपन्यांनी तशी यंत्रे काढली.

आत असते काय? वर विजेचे तापणारे वेटोळे, त्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. तेल उष्णता झटकन अन्नाला देते. हवा ती सावकाश देते. म्हणून हवेला पंख्याने पळवावे लागते. पळती हवा अन्नाच्या अंगावरचा ओलावा उडविते, वरचा पापुद्रा सुकतो आणि खरपूस होतो. म्हणजे हे यंत्र तळीत नाही, भाजते. नाव फ्रायर असले तरी जातीने ते भडभुंज्याचे सोयरे आहे. आपला भडभुंजा तापलेल्या वाळूत चणे फोडतो, त्यात तेलाचा थेंब नसतो. थंडीत शेतावर आगटीत हुरडा भाजतात, तिथेही तेल नसते. तेलावाचून खमंग करण्याची विद्या आपल्याला बर्लिनहून शिकावी लागली नाही. यंत्राने तिला बटण दिले, इतकेच.

एवढे ध्यानात आले की यंत्र घ्यावे की नाही, हे ठरविणे सोपे जाते.

प्रथम आपल्या घरात तळण किती होते ते मोजा. यंत्र ५,००० रुपयांचे आहे आणि एका तळणाला पाव किलो तेल वाचते, असे धरू. तेल १५० रुपये किलो असेल तर एका वेळेस साडेसदतीस रुपये वाचले. किंमत वसूल व्हावयास सुमारे १३५ तळणे लागतील. महिन्यातून दोनदाच कढई चढत असेल तर साडेपाच वर्षे! अशा घरी कढई महिन्यातून एकदा चढविली तर तेलही वाचेल आणि पैसाही. ज्या घरी पथ्य आहे किंवा रोज काही खमंग लागते, त्यांचा हिशेब निराळा.

दुसरे, माणसे मोजा. दुकानदार लिटर सांगतो. आपण टोपलीचा तळ पाहावा. अन्न एका थरात पसरले तरच हवा सर्व बाजूंनी फिरते. सहा माणसांच्या घरी लहान टोपली घेतली तर तीन-तीन घाणे काढावे लागतात, आणि शेवटच्या घाण्यापर्यंत उभी कोण राहते ते आपणांस ठाऊक आहे.

तिसरे, भिंत पाहा. १,५०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर वीज ओढते. साधे सॉकेट ६ अँपिअरचे असते. तेव्हा जाड पिनांचे १६ अँपिअरचे सॉकेट, जाड तार आणि अर्थिंग हवेच. फ्रीज ज्या बोर्डाला आहे त्यालाच तारेचा तुकडा जोडून हे यंत्र लावू नये. विजेचा खर्च मात्र भ्यावा असा नाही: २० मिनिटे अखंड चालले तरी अर्धा युनिट. बिलावरचा दर पाहून गुणाकार करावा. चौथे, बिघडले तर दुरुस्ती कोठे होईल हे खरेदीपूर्वीच विचारून हमीपत्रावर शिक्का घ्यावा.

वापरतानाही भाजण्याचेच नियम पाळावेत. भज्यांचे पातळ पीठ यात सांडून जाते, भजे होत नाही. तो नाद सोडावा. पापड वाऱ्याने उडून वरच्या वेटोळ्याला चिकटतो, म्हणून त्यावर जाळी ठेवावी. शेंगदाणे, भरताचे वांगे, बटाट्याच्या फोडी, कोंबडीचे तुकडे ही याची खरी कामे. फोडी अर्धा तास पाण्यात ठेवून, पुसून, चमचाभर तेल चोळून टाकाव्यात आणि मध्येच एकदा हलवाव्यात. सोनेरी झाल्या की काढाव्यात. बटाटा फार भाजला की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचे अपायकारक द्रव्य वाढते, हे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखविले. तेल टाळले म्हणून ते टळत नाही. यंत्राच्या मागे वीतभर जागा मोकळी सोडावी. टोपलीवरचा लेप तारेच्या घासणीने खरवडू नये.

आणि भाकरी? ती तव्यावरच व्हावयाची. ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या या मुलखात स्वयंपाकाचे मुख्य कष्ट पीठ मळण्याचे, थापण्याचे आणि आचेसमोर बसण्याचे. त्यातला एकही कष्ट हे यंत्र उचलीत नाही. पत्नीचा पहिलाच प्रश्न अचूक होता. मी पुस्तके वाचून तिथवर आलो, ती खोका उघडताच आली.

चार महिन्यांनी मी यंत्र माळ्यावरून उतरविले आणि तिच्यापुढे बसून रीतसर बोलणी केली. ठराव असा झाला: पथ्य माझे, हौस माझी, तेव्हा यंत्र मी चालवावयाचे, टोपली मी धुवावयाची, आणि आठवड्याच्या चटणीचे शेंगदाणेही मीच भाजावयाचे. पहिल्या आठवड्यात दोनदा शेंगदाणे करपले. तिने ते निवडून बाजूला काढले आणि एवढेच म्हणाली, “आच कमी ठेवा.” आता करपत नाहीत. ती भाकरी थापते तेव्हा मी शेजारी उभा राहून टोपली हलवितो, आणि माझी आई धुरात एकटीच का बसत असे, हा प्रश्न मला रोज नव्याने पडतो. तिच्या जवळ बसून फुंकणी हाती घ्यावयास आमच्या घरात माणसे होती.

आपल्यापैकी कोणी या लग्नसराईत असे यंत्र घेणार असाल तर अवश्य घ्या. मात्र दुकानात जाण्यापूर्वी स्वयंपाकघरात जा, आणि तिथे जी काम करते आहे तिला विचारून मग पैसे मोजा.