पोया मधमाशी

पोया मधमाशी : एपिडी कुलातील डंखहीन, सामाजिक मधमाशी. शास्त्रीय नाव टेट्रागोनुला इरिडिपेनिस. पिकांच्या परागीभवनासाठी परदेशांत पाळली जाणारी बंबलबी ही केसाळ माशी भारतात मुख्यतः हिमालयात आढळते. वैनगंगेकाठच्या मार्कंड्यासह चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनपट्ट्यात घराशेजारी पाळण्याजोगी तिची जवळची नातलग म्हणजे पोया.

ही काळसर माशी ३ ते ४ मिमी. लांब असते. झाडाची ढोली, भिंतीची फट किंवा पोकळ बांबू यांत ती घर करते. दाराशी मेण व राळेची चिकट नळी असते आणि तिच्या तोंडाशी पहारेकरी माश्या बसतात. बंबलबीप्रमाणेच मध षट्कोनी पोळ्यात न साठवता लहान गाडग्यांत साठवला जातो. अंड्याच्या कोठडीत आधी अन्न भरतात. राणीने अंडे घातल्यावर कोठडी बंद करतात.

पाळण्यासाठी राणी व कोठड्यांचा पुंजका लाकडी पेटीत हलवतात. फुटलेली मधाची गाडगी वगळतात, कारण त्यांना मुंग्या लागतात. जुनी नळी पेटीच्या छिद्राला चिकटवून पेटी मूळ जागीच ठेवली, की बाहेर गेलेल्या माश्या परततात. पेटी ओसरीत किंवा वळचणीखाली सावलीत ठेवतात. मध आंबटगोड व अल्प मिळतो. परागीभवन हा मोठा लाभ.