हेब्डनच्या दरीतली गिब्सन गिरणी

इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशायरमध्ये, हेब्डन ब्रिज गावाच्या वरच्या अंगाला हार्डकॅसल क्रॅग्ज ही दाट झाडीची अरुंद दरी आहे. तिच्या तळाशी, हेब्डन वॉटर या ओढ्याकाठी, १८०० च्या सुमारास गिब्सन गिरणी उभी राहिली. सुती कापडाच्या या गिरणीची जागा रस्ता पाहून नव्हे, पाण्याचा उतार पाहून ठरली होती. अडवलेले पाणी तलावात साठे आणि इमारतीच्या आतल्या पाणचक्कीवर पडे. चाकाची गती दातेरी चक्रांवाटे यंत्रांना मिळे. १८३३ मध्ये येथे २१ कामगार होते आणि प्रत्येक जण आठवड्याला सरासरी ७२ तास राबत होता. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने अठरा वर्षांखालच्यांसाठी ६९ तासांची मर्यादा घातली, तीही तेव्हा सुधारणा ठरली. पाणी फुकटचे होते. मजुरीही फार महाग नव्हती.

वाफेने हे गणित मोडले. १८०४ चा रॉचडेल कालवा आणि १८४१ मध्ये पूर्ण झालेली मँचेस्टर-लीड्स रेल्वे, दोन्ही खालच्या कॅल्डर नदीच्या खोऱ्यातून गेल्या. कोळसा तिथे स्वस्तात पोचे, वर दरीत नाही. गिब्सन गिरणीतले कापडाचे काम १८९० च्या सुमारास थांबले. विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे करमणूक केंद्र झाले: नाचाचे दालन, भोजनगृहे, चाकांच्या बुटांवर घसरण्याची जागा, तलावात होड्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तेही ओस पडले. १९५० मध्ये ही मालमत्ता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली.

२००५ मध्ये दुरुस्तीनंतर गिरणी पर्यटकांसाठी खुली झाली, ती वीज, गॅस, नळाचे पाणी किंवा सांडपाणी यांपैकी कोणत्याही सार्वजनिक जाळ्याशी न जोडता. ओढ्याच्या पाण्यावर टर्बाइन, छपरावर सौर पट्ट्या आणि साठवणीला बॅटऱ्या अशी व्यवस्था आहे. हा जोड हवामानाला धरून आहे. डिसेंबरात तिथला दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो आणि खोल दरीत ऊन फार कमी पोचते, पण ओढा भरून वाहतो. उन्हाळ्यात पाणी आटले की ऊन कामी येते. ऊब परिसरातल्या जंगलाच्या लाकडावर मिळते, पाणी झऱ्याचे आणि शौचालये मैल्याचे खत करणारी. एवढ्या विजेत दिवे आणि उपाहारगृह चालते, पण बेतानेच; जुने कापडकाम पुन्हा सुरू करण्याचा प्रश्न येत नाही.